पाय उचलताच बंद पडणाऱ्या गाडीबद्दल

नाव: ॲग्नेस पुष्पम दोरैराज. वय: एकाहत्तर वर्षे. धंदा: टेलिफोन खात्यातून निवृत्त पर्यवेक्षिका. राहणार: चर्चच्या मागची गल्ली, रामनाथपुरम, कोइंबतूर. शिक्षण विचारलेले नाही, तरी लिहावे: कॉन्व्हेंट शाळेत अकरावीपर्यंत.

मी आज रविवारी वाल्पारै घाटाच्या पायथ्याच्या पोलीस ठाण्यात आपण होऊन आले आणि हवालदार तमिळसेल्वी यांच्यासमोर बसून सांगते ते असे:

माझ्या मुलीचा मुलगा रूबेन, वय चोवीस, आणि त्याची बहीण शीबा, वय एकोणीस, असे आम्ही तिघे आज सकाळची प्रार्थना झाल्यावर रूबेनच्या गाडीने वाल्पारैला निघालो. माझी धाकटी बहीण तिथे चहामळ्यात राहते. तिच्यासाठी मी लिंबूभात आणि तळलेले मासे घेतले होते. डबा अजून त्या गाडीतच आहे.

गाडी लाल रंगाची, टर्बोची आहे. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात हवा कोंबतो, म्हणून गाडीला ताकद येते. रूबेनने कोइंबतूरच्या थंगदुरै नावाच्या कारागिराकडून हवेचा दाब वाढवून घेतला होता. दाब वाढला की एक दुखणे सुरू होते. जोरात असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला, की इंजिनाच्या तोंडाची झडप मिटते, कोंबलेली हवा उलटी फिरते आणि पंख्याच्या पात्यांवर आदळते. बॉनेटखाली कबुतर कोंडल्यासारखी फडफड ऐकू येते. पोरांना ती गोड वाटते. पंख्याचा दांडा मात्र त्याने खिळखिळा होतो. कंपनीचा प्लॅस्टिकचा व्हॉल्व्ह वाढीव दाबाला पुरत नव्हता, म्हणून थंगदुरैने धातूचा भक्कम व्हॉल्व्ह बसवला. ही अडकलेली हवा व्हॉल्व्हने सोडायची आणि परतीच्या पाइपातून पुन्हा पंख्याच्या तोंडी द्यायची, असे ते काम. इथपर्यंत कोणाचेही चुकले नव्हते.

घाट चढताना रूबेनने प्रत्येक वळणाआधी गाडी जोरात दाबली आणि वळणाच्या तोंडाशी पाय सोडला. दर वेळी बॉनेटखालून कोणीतरी तोंडावर थुंकावे तसा मोठा फुस्स आवाज येई आणि दोघे हसत. मी विचारले, "हे काय चाललंय?" रूबेन म्हणाला, "अम्माच्ची, गाडी शिंकतेय. तू 'देव भलं करो' म्हण."

नवव्या वळणावर त्याने पाय उचलला, गिअर बदलायला क्लच दाबला आणि इंजिन बंद पडले. चाक वळेना. रूबेन दोन्ही हातांनी स्टिअरिंगला लोंबकळला होता. गाडी मागे सरकू लागली. वरून सरकारी बस उतरत होती. तिच्या ड्रायव्हरने हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. रूबेनने हातब्रेक ओढला आणि गाडी कठड्याला टेकून थांबली.

शीबा म्हणाली, "काय झालं रे?"

रूबेन म्हणाला, "काही नाही. डुलकी लागली तिला."

"गाडी आहे का म्हातारी?"

"हळू बोल. मागे बसलीय ती."

रूबेन हसत होता. वारा थंड होता आणि त्याच्या मानेवरून घाम गळत होता. हे शीबाला तिच्या जागेवरून दिसत नव्हते. मला दिसत होते.

मी उतरले. शीबालाही उतर म्हणाले. ती म्हणाली, "अम्माच्ची, तुला रिक्षातसुद्धा भीती वाटते." परत उतरताना तिसऱ्या वळणावर या मुलांचे मित्र जमणार आहेत, असेही तेव्हाच कळले. त्यांच्यात दर महिन्याला असा जमाव होतो. एकेक गाडी वरून भरधाव येते, वळणाच्या तोंडाशी पाय उचलते, व्हॉल्व्हचा आवाज काढते, आणि कठड्यावर बसलेली पोरे कोणाचा मोठा ते ठरवतात. आत बसलेल्याने मोबाइल बाहेर धरून आवाज टिपायचा असतो. आज मोबाइल शीबा धरणार आहे. ती उतरली नाही. रूबेनने इंजिन पुन्हा सुरू केले आणि दोघे वर गेले. मी त्याच अडून राहिलेल्या सरकारी बसने खाली आले.

घाटात फोन लागत नाही. खाली आल्यावर मी थंगदुरैला फोन केला. बोलणे जसे झाले तसे सांगते.

तो म्हणाला, "अम्मा, परतीचा पाइप मी लावूनच दिला होता."

मी म्हणाले, "मग हवा बाहेर का थुंकतेय गाडी?"

"त्यानं काढला असेल. पोरं काढतात. पाइप असला की आवाज आतच राहतो."

"आणि पाइप काढल्यावर उरलेलं भोक कशानं बुजवलं त्यानं?"

"बुचानं. ते व्हॉल्व्हच्या डब्यातच असतं, अम्मा. लावू नको असं बजावून दिलं मी."

"तुम्हाला नातवंडं आहेत का? त्यांच्या हातात आगपेटी देऊन पेटवू नका म्हणून बजावता का?"

मग मी इंजिन बंद का पडते ते विचारले. तो म्हणाला, आत येतानाच गाडी हवा मोजते आणि त्या हिशेबाने पेट्रोल ओतते. मोजलेली हवा बाहेर टाकली, की पेट्रोल जास्त होऊन इंजिन गुदमरते. त्यात क्लच दाबला, की चाकांचाही आधार सुटतो आणि ते बंदच पडते. मी विचारले, "उतारावर तसं झालं तर?" तो म्हणाला, "ब्रेकला जोर इंजिनाचाच असतो, अम्मा. एक-दोनदा लागेल."

"आणि मग?"

"दगडावर पाय दिल्यासारखं."

मी धावत ठाण्यात आले. या वयात जितके धावता येते तितके.

उपनिरीक्षक इळंगो यांनी मला खुर्ची दिली आणि चहा मागवला. माझे ऐकून ते म्हणाले, "अम्मा, काळजी करू नका. अशा गाड्यांना आवाजाचा दंड लावतो आम्ही. आजच चौघांना लावलाय." त्यांच्या सांगण्यावरून हवालदार तमिळसेल्वी यांनी वर 'कर्कश आवाजाबाबत तक्रार' असे लिहिले. मी ते खोडायला लावले. मी म्हणाले, "आवाजाचं मला काय लोणचं घालायचंय? तो आवाज येतो तेव्हा गाडी मरते. माझी पोरं आत आहेत."

ते म्हणाले, "गाडी बंद पडली तर ब्रेक मारेल की तो."

मी म्हणाले, "तुमची जीप बाहेर उभी आहे. इंजिन बंद ठेवून चार वेळा ब्रेक दाबून या."

ते हसले. मी खुर्चीतून उठून दाराशी उभी राहिले, तेव्हा गेले. दारातून मला त्यांचा गुडघा दिसत होता. एकदा खाली गेला, दुसऱ्यांदा अर्धा गेला. तिसऱ्यांदा गेलाच नाही, तेव्हा त्यांनी खाली वाकून पायाकडे पाहिले. परत आल्यावर त्यांनी शिपायाला मोटारसायकल घेऊन तिसऱ्या वळणावर पाठवले आणि वरच्या वनखात्याच्या नाक्याला लाल गाडी अडवायला सांगितले. नाक्याने कळवले, की गाडी थोड्या वेळापूर्वीच खाली उतरली आहे.

यापुढे हवालदार तमिळसेल्वी यांनी मला गाडीचा नंबर, रूबेनच्या वडिलांचे नाव आणि रूबेन दारू पितो का, हे विचारले. नंबर आणि नाव सांगितले. दारू पीत नाही. शीबाच्या अंगावर काय आहे तेही त्यांनी विचारले. हे कशासाठी विचारतात ते मला ठाऊक आहे. पिवळा कुर्ता, निळी जीन्स, गळ्यात चांदीचा क्रूस. चहा मी घेतला नाही.

एवढे लिहून होत असताना बिनतारी यंत्रावर शिपाई बोलला. सगळे मला ऐकू आले, तरी उपनिरीक्षकांनी ते मला पुन्हा सांगितले. शिपाई पोचायच्या आत गाडी तिसऱ्या वळणावर आली होती. आवाज झाला, पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि गाडी वळलीच नाही. कठडा फोडून ती अर्धी बाहेर गेली आणि पोटावर अडकली. पोरांनी मागच्या बाजूला लटकून ती दाबून धरली आणि दोघांना मागच्या दारातून ओढून काढले. रूबेनचा उजवा पाय मोडला आहे. तो बोलतो आहे. शीबाला खरचटले आहे. हातातला मोबाइल पायाखालच्या दरीत गेला, एवढेच ती पुन्हापुन्हा सांगते आहे. रूबेनसाठी रुग्णवाहिका निघाली आहे. शीबा कोणत्याही गाडीत बसायला तयार नाही. शिपायाने हात धरला तेव्हा ती रस्त्यावर खाली बसली.

थंगदुरैविरुद्ध, रूबेनविरुद्ध आणि त्या जमावाविरुद्ध काय लिहायचे ते उद्या सांगेन. एकालाही सोडणार नाही.

वरचा मजकूर हवालदार वाचून दाखवणार होत्या, पण तेवढा वेळ मला नाही. लिहिला जात असताना मी उलट्या बाजूने वाचत होते. तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. उपनिरीक्षक मला जीपमधून वर सोडतो म्हणतात. जीप मागून यावी. शीबा चालत उतरेल, आणि तिला आणायला मी चालतच वर निघाले आहे.

(सही) ॲग्नेस पुष्पम दोरैराज