घराखालचे दगड

मी, मुस्तारी, वडिलांचे नाव लाकुनी, वय ७४ वर्षे, धंदा पूर्वी शिक्षक, हल्ली घरीच, राहणार मौजे तानेते बुंगा, जिल्हा सोप्पेंग, ठाण्यात बोलावल्यावरून आज समक्ष हजर राहून सांगतो की, मी वरील पत्त्यावर एकटा राहतो. पत्नी हयात नाही. मुलगा मन्सूर नोकरीनिमित्त समुद्रापलीकडे बालिकपापान शहरात असतो. गावच्या शाळेत मी नोकरीभर भाषा शिकवली. त्यात कविता जास्त शिकवली, अशी त्या वेळी वरिष्ठांची तक्रार होती.

मकास्सर शहरात राहणारे फिर्यादी श्री. फिर्मान साद यांची फिर्याद मला वाचून दाखवण्यात आली. तीत असे आहे की, त्यांनी विकत घेतलेल्या टेकडीवरच्या जागेतील लाकडी घर अज्ञात इसमांनी चोरून नेले. याबाबत माझे म्हणणे असे की, घर नेले हे खरे आहे. चोरून नेले हे खरे नाही. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर, भर उन्हात, आरडाओरडा करत नेले. इसम अज्ञात नाहीत, सगळे गाव होते. उजवीकडच्या मागच्या बांबूला मी स्वतः हात लावला होता. वयामुळे खांदा दिला नाही.

सदर घर बेस्से तेन्री यांचे आहे. वय माझ्याएवढेच, विधवा, मूलबाळ नाही. शाळेत त्या माझ्याच वर्गात होत्या. त्यांच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी लाकूड देऊन हे घर उभे करून दिले. जमीन मात्र सासरची. नवरा गेल्यावर ती पुतण्या ताहांग याच्या नावे आली. घर एकाचे आणि जमीन दुसऱ्याची, यात आमच्याकडे कोणाला वावगे वाटत नाही. घर खांबांवर असते, खांब दगडांवर टेकलेले असतात, मातीत पुरलेला एकही नसतो. जमीन सुटली की घर उचलून दुसरीकडे नेतात. मी राहतो ते घरही माझ्या वडिलांनी नदीकाठाहून वर आणलेले आहे.

रस्ता डांबरी झाल्यापासून गावात जागांना भाव आला आहे. टेकडीवरून खालचे तळे दिसते. आम्ही ते आयुष्यभर फुकट पाहिले, आता तेवढ्यासाठी शहरातले लोक जागा घेतात. देणारेही आहेत, कारण तरुण मुले समुद्रापलीकडे ताडतेलाच्या मळ्यांत कामाला जातात आणि परत आली तरी शहरात राहू पाहतात. एके काळी आमच्या शाळेत मुलांची रांग कवितेच्या दोन ओळी म्हणायची आणि मुलींची रांग पुढच्या दोन ओळी जोडून उत्तर द्यायची. पहिल्या दोन ओळींत शेत, बगळा, पाऊस, काहीही चाले. खरे म्हणणे पुढच्या दोन ओळींत. संध्याकाळचे ऊन तिरपे खिडकीतून येई आणि... साहेबांनी मुद्द्यावर येण्यास सांगितले. येतो.

ताहांग याने जागा विकण्याचे ठरवल्यावर फिर्यादी पाहायला आले. त्यांना बेस्से तेन्री यांच्या ओट्यावर बसवले. मी तेव्हा तिथे हजर होतो, नेहमी दुपारी असतो. फिर्यादींनी कॉफी घेतली, केळीच्या पानात वाफवलेले बारोंको खाल्ले, खांबांवर टिचक्या मारून पाहिल्या आणि म्हणाले, "काय लाकूड आहे हो! असं घर मला शहरात शोधून मिळणार नाही."

बेस्से तेन्री म्हणाल्या, "बसा निवांत. हे घर आपलंच समजा."

फिर्यादी आज या वाक्यावर बोट ठेवतात. वाक्य बोलले गेले हे खरे आहे. आमच्या गावात ते पाण्याच्या पेल्याबरोबर प्रत्येक पाहुण्याला देतात. मागे एक भांडी विकणारा आला होता, त्यालाही दिले होते. नंतर फिर्यादींनी घराचे फोटो काढले आणि इथे पाहुणे उतरवीन, असेही म्हणाले. पाहुणा घराचे कौतुक करतो आहे, असे आम्हाला वाटले. कौतुक करणाऱ्याला कोणी अडवत नाही. जागेचा व्यवहार ताहांग आणि फिर्यादी यांच्यात झाला. घराचे नाव त्यात कोणीच काढले नाही. ताहांगने काढले नाही कारण घर त्याचे नव्हते. फिर्यादींनी काढले नाही कारण त्यांच्याकडे शहरात जागेबरोबर घर येतेच. दोघेही खोटे बोलले नाहीत.

व्यवहार झाल्यावर ताहांग काकूकडे आला. तेव्हाही मी हजर होतो.

"काकू, जागा दिली मी."

"कुणाला?"

"ते मकास्सरचे. फर्निचरचं दुकान आहे त्यांचं."

"आणि घर?"

"घर तुझं आहे, काकू. तुझ्या घराला हात लावायला मी काय चोर आहे? ने की कुठं न्यायचं ते."

"कुठं नेऊ? डोक्यावर घेऊन फिरू, गोगलगाईसारखी?"

ताहांग ओट्याच्या पायरीवर बसला. मुलगा वाईट नाही. चौथीत त्याला पाठांतराचे बक्षीस मीच दिले होते. बेस्से तेन्री यांनी त्याला कॉफी दिली. साखर घालायला विसरल्या. तो तशीच प्याला.

त्यांना माहेरची जमीन उरलेली नाही. घर होते, त्याखाली जमीन नव्हती. त्यांनी कोणाकडे शब्द टाकला नाही. पुढच्या शुक्रवारी मशिदीच्या अंगणात मी घरजाणते लासाको यांना भेटलो. गावात घर बांधणे आणि हलवणे त्यांच्या सल्ल्याने होते, म्हणून सगळे त्यांना मानाने पुआंग म्हणतात. मी म्हणालो, "पुआंग, माझ्या घराच्या पूर्वेला जागा मोकळी आहे."

"मोकळी कुठली, गुरुजी? तिथं तुमची जास्वंदीची रांग आहे."

"काढली."

"कधी?"

"काल."

लासाको यांनी माझ्याकडे पाहिले आणि हसून म्हणाले, "बरं. मग सावली कुठं पडते ते बघायला येतो."

त्यानंतरच्या शुक्रवारी घर उचलले. आदल्या दिवशी पत्रे उतरवले, भांडीकुंडी बाहेर काढली, खांबांना आडवे बांबू बांधले. घराच्या नाभीच्या, म्हणजे मुख्य खांबाला नारळ आणि गूळ बांधून लासाको यांनी प्रार्थना म्हटली. बायकांनी सगळ्यांना खाऊ घातले. मग लासाको ओरडले, "जेवलात की नुसता वास घेतलात? उचला!" आणि घर उठले. जन्मभर पाहत आलो तरी त्या क्षणी छातीत काही तरी हलते. तपासाच्या दृष्टीने ते महत्त्वाचे नाही.

वाटेत पोरे ओरडत होती, "आजी, कॉफी आतच ठेवायची होती, चालता चालता प्यालो असतो!" बेस्से तेन्री चुलीतला निखारा मडक्यात घेऊन मागून चालत होत्या. त्या म्हणाल्या, "आधी नीट चाला रे, पाय आहेत की चमचे?"

शाळेच्या वळणावर दम घेण्यासाठी घर टेकवले. काही वेळ ते शाळेच्या फाटकासमोर उभे होते, उशिरा आलेल्या मुलासारखे. तिथे मी सहज दोन ओळी म्हटल्या. बेस्से तेन्री यांनी मडके खाली न ठेवता पुढच्या दोन जोडल्या. त्या ओळी जबाबात घ्याव्यात का, असे साहेबांनी विचारले. बायकांनी त्या पुढे वाटभर म्हटल्या, म्हणजे साक्षीदार पुष्कळ आहेत, म्हणून घ्याव्यात:

भात पिकले डोंगरपायी,
बगळा बसला बांधावर;
घर ज्याला जमीन नाही,
ते राहते खांद्यांवर.

घर माझ्या पूर्वेच्या जागेत दगडांवर बसवले. दार माझ्या खिडकीकडे आले आहे. ते लासाको यांनी दिशा पाहून ठरवले, माझा संबंध नाही.

दुसऱ्या दिवशी फिर्यादी सुतार घेऊन आले. त्यांना फक्त दगड दिसले. ते गावात ओरडत आले, "माझं घर कुठाय?" पोरांनी त्यांना घरापर्यंत आणून सोडले. बेस्से तेन्री म्हणाल्या, "या, बसा. घर आपलंच समजा." त्यावर फिर्यादी ठाण्यात गेले. त्यांचा राग मला समजतो. पाहुणे कुठे उतरवायचे हे त्यांनी मनात मांडून ठेवले होते.

विचारल्यावरून सांगतो की, काल संध्याकाळी ते पुन्हा आले होते. ओट्यावर बसून बारोंको खाल्ले. लासाको यांना म्हणाले, "पुआंग, तुम्ही लोकांनी माझी जागा पार बोडकी केली. आता तिथं असं घर कुठून आणू?"

लासाको म्हणाले, "घर बांधून देतो. पण उचलायला खांदे लागतात. ते विकत नाही मिळत. अधूनमधून येऊन राहात जा, दुसऱ्याचं एखादं उचला, मग बघू."

फिर्यादी हसले नाहीत, पण दुसरी कॉफी घेतली. ते फिर्याद मागे घेतील की नाही हे मला माहीत नाही. घर परत टेकडीवर न्यायचे म्हटले तर तेच गाव लागेल, आणि गाव येणार नाही.

माझी जागा का दिली, असे विचारल्यावरून सांगतो की, जागा मोकळी होती.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. माझ्या मुलाचा परवा फोन आला. तो म्हणाला, "बाबा, रस्ता झालाय, आपली जागा कुणाला देऊन अडकवू नका." मुलगा व्यवहारी आहे. माझ्यामागे जागा त्याच्याकडे जाईल आणि तोही विकेल. मग बेस्से तेन्री यांना पुन्हा निखारा मडक्यात भरावा लागेल, आणि तोपर्यंत खांदे देणारी पोरे गावात उरतील की नाही, सांगता येत नाही. म्हणून नमूद करतो की, सदर घर ज्या दगडांवर उभे आहे ती जमीन, दारापासून माझ्या खिडकीखालच्या गटारापर्यंत, मी बेस्से तेन्री यांना कायमची दिली आहे. अशी गोष्ट जमीन कचेरीत करावी लागते, जबाबात चालत नाही, असे साहेबांनी सांगितले. कचेरीतही उद्या जाणार आहे. तरी इथे लिहावी अशी विनंती केली, कारण इथे लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवतात.

बेस्से तेन्री माझ्यासोबत आल्या असून त्यांचा जबाब माझ्यानंतर आहे. त्या बाहेर बाकावर बसल्या आहेत. दार उघडेच ठेवावे, असे मी सांगितले.

वरील मजकूर साहेबांनी मला सुरुवातीपासून वाचून दाखवला. जमिनीचे वाक्य मी दुसऱ्यांदा, जरा मोठ्याने वाचून घेतले. बाहेरून कोणतीही हरकत आली नाही. मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही,
मुस्तारी