तीन खट

जबाब देणारीचं नाव नोंदवहीत लिहून घेतलं आहे. गल्लीत मात्र ‘कव्हरवाल्या ताई’ म्हणूनच विचारावं लागेल. वय ५३ वर्षे. शिक्षण दहावी. धंदा मोटारींच्या सीटची कव्हरं शिवणे. राहणार बस डेपोच्या मागची गल्ली, स्वतःच्या दुकानावर, दुसरा मजला.

मी स्वतः पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की, मला कुणी बोलावलेलं नाही, मी आपण होऊन आले आहे. दुपारी दोनपासून बाहेरच्या बाकावर होते. तीन वेळा उठून विचारलं, तेव्हा पावणेचारला माझा नंबर लागला. पाच वाजता इस्पितळात भेटायची वेळ सुरू होते आणि मला तिथे पोचायचं आहे, म्हणून भराभर सांगत आहे. जबाब लिहून घेणारे साहेब दोनदा म्हणाले की सावकाश सांगा, हात दुखतो. मला सावकाश जमत नाही.

माझ्या दाराला लागूनच माझ्या धाकट्या भावाचं बिऱ्हाड आहे. भाऊ मालवाहू बोटीवर इंजिनात कामाला असतो, सात महिने बाहेर, दोन महिने घरी. सध्या बाहेर आहे. घरात माझी भावजय, वय ३४, आणि तिची तीन मुलं असतात. थोरली सात वर्षांची, मधली साडेतीन वर्षांची आणि शेंडेफळ दहा महिन्यांचं. भावजय चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढते. मला मूलबाळ नाही. लग्न झालं होतं, ते टिकलं नाही, त्याचा इथे काही संबंध नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी ८ वाजून २५ मिनिटांनी, पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर भावजयीची गाडी एका पावाच्या व्हॅनवर आदळली. व्हॅन बोळातून उलटी बाहेर येत होती. भावजयीने करकचून ब्रेक दाबला तरी गाडी थांबता थांबता लागलीच. वेग फार नव्हता. थोरलीला आणि शेंडेफळाला खरचटलंसुद्धा नाही. मधली मात्र खुर्चीसकट पुढच्या दोन सीटच्या मध्ये येऊन आपटली. तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, कपाळाला सात टाके पडले, तीन दिवस ती गुंगीत होती. काल दुपारी डोळे उघडून तिने पाणी मागितलं. डॉक्टर म्हणतात, उजवा हात पूर्वीसारखा वर जातो की नाही हे महिन्याभराने कळेल.

बुधवारी भावजयीने याच ठाण्यात, बहुधा याच टेबलाशी, जबाब दिला की मधलीच्या खुर्चीचा पट्टा लावायला मी विसरले. तो जबाब खरा नाही. माझी भावजय सहसा खोटं बोलत नाही, बोलली तर तिला धड जमत नाही. इथे कसं चाललं कोण जाणे.

त्या जबाबावरून गुरुवारी बालकल्याण कार्यालयाच्या बाई घरी येऊन गेल्या. त्यांनी मुलांचे बिछाने पाहिले, फ्रीज उघडून पाहिला, थोरलीला बाजूला घेऊन आई मारते का म्हणून विचारलं. जाताना म्हणाल्या, बाप परगावी, आई अशी निष्काळजी, तेव्हा मुलं तिच्याकडे ठेवायची की दुसऱ्या कुणाकडे द्यायची हे सोमवारी ठरेल. ‘दुसऱ्या कुणाकडे’ म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आज शनिवार आहे.

आता गाडीबद्दल सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गाडी लहान आहे, जुनी घेतलेली, राखाडी रंगाची, सध्या ठाण्याच्या मागच्या आवारात उभी आहे. तिची मागची बैठक दारापासून दारापर्यंत साडेसत्तेचाळीस इंच भरते. शेंडेफळाची उलट्या तोंडाने बसवायची खुर्ची साडेसतरा इंच, मधलीची सतरा, थोरलीची साडेपंधरा. बेरीज पन्नास. म्हणजे अडीच इंच जास्त. खुर्च्या विकणारा हसून म्हणाला होता, ‘ताई, गाडी तरी मोठी घ्या नाहीतर मुलं तरी कमी करा.’ मला त्याचा राग आला. तीस वर्षं मी गाड्यांच्या सीटवर काम करते आहे. कुठल्या गाडीची बैठक कुठे फुगते आणि कुठे दबते हे मला हात फिरवून कळतं. तीन रविवार मी टेप आणि खडू घेऊन त्या गाडीत बसले आणि तोड काढली. उलट्या खुर्चीचा फुगवटा वर खांद्याशी असतो, मधलीच्या खुर्चीचा खाली कोपराशी. बाही मुंढ्यात बसवावी तशी एक दुसरीत बसवली की अडीच इंच सुटतात. तिन्ही खुर्च्या बसल्या, दोन्ही दारं लागली. भावाने बोटीवरून फोन करून शाबासकी दिली. मला त्याचा फार अभिमान होता, हे लिहा.

पण खुर्च्यांच्या मध्ये हात घालायला जागा उरली नाही. थोरलीच्या पट्ट्याचं बकल मधलीच्या खुर्चीखाली जायचं. म्हणून रोज सकाळी मधलीची खुर्ची सोडवून बाजूला ओढायची, थोरलीचा पट्टा लावायचा, मग मधलीला खुर्चीसकट जागेवर दाबायचं आणि खुर्चीच्या पाठीमागून आलेल्या पट्ट्याचं टोक चाचपडत बकलमध्ये घालायचं. ते बकल दिसत नाही. हात खाली, डोकं वर, सगळी भिस्त कानावर. टोक नीट बसलं की खट वाजतं. मग पलीकडच्या दाराने जाऊन शेंडेफळाची खुर्ची तिच्या चौकटीत दाबायची, तिसरा खट. तीन खट झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही असा घरात नियम होता. मोजताना कुणी बोलायचं नाही, हाही नियम होता. दोन्ही नियम माझेच. मुलांना बसवायचं काम रोज माझं होतं, भावजय तेवढ्यात दार लावून पिशव्या घेऊन खाली येत असे.

आम्हा दोघींचं विळ्या-भोपळ्याएवढं सख्य आहे हे गल्लीत कुणीही सांगेल. ती मला ताई म्हणते, चिडली की वन्सं म्हणते. अपघाताच्या आदल्या रविवारी ती म्हणाली, ‘ताई, ते मधलं काही मला पटत नाही. रोज सोडायचं, रोज लावायचं, एखाद्या दिवशी घोळ होईल. थोरलीला शाळेच्या बसने पाठवू, दोनच खुर्च्या ठेवू.’ मी म्हणाले, ‘तू डोळ्यांचे नंबर काढ, सीटचं मला कळतं.’ ती म्हणाली, ‘बरं, वन्सं.’ त्यानंतर सोमवारचा अख्खा दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

मंगळवारी सकाळी ८ वाजून ५ मिनिटांनी मी मुलांना घेऊन खाली आले. भावजय वर शेंडेफळाची बाटली शोधत होती. दुकानाच्या शटरपाशी एक टॅक्सीवाला कव्हरं न्यायला येऊन उभा होता आणि दर अर्ध्या मिनिटाला हॉर्न वाजवत होता. माझ्या मनात अजून रविवारचंच बोलणं घोळत होतं. भावजय खाली यायच्या आत सगळं उरकून दाखवायचं, म्हणजे तिला बोलायला जागा राहणार नाही, असं मला वाटत होतं. थोरलीचा पट्टा लावला, एक. मधलीला दाबली, हात मागे घातला, टोक बकलमध्ये सरकवलं, खट ऐकू आला, दोन. पलीकडे जाऊन शेंडेफळाला बसवलं, तीन. मधलीच्या खुर्चीचा पट्टा लागला नाही.

दुसरा खट मधलीने तोंडाने काढला होता. महिन्याभरापूर्वी टाळ्याला जीभ लावून ती हुबेहूब तसा आवाज काढायला शिकली होती. पहिल्यांदा तिने तो काढला तेव्हा मी तिचे मुके घेतले आणि शेजारच्या बायकांना बोलावून पुन्हापुन्हा करून दाखवायला लावलं. भावजय तेव्हाही म्हणाली होती, ‘ताई, ह्यात खेळ नको.’ मी म्हणाले, ‘अगं, पोर हसतंय तर हसू दे की.’

हे मला थोरलीने सांगितलं. गुरुवारी संध्याकाळी इस्पितळाच्या जिन्यात ती माझ्या शेजारी बसली होती. बराच वेळ बुटाची नाडी सोडत आणि बांधत होती. मग म्हणाली, ‘आत्या, दोन नंबरचा खट तिने केला होता. मी बघितलं.’ मी विचारलं, ‘मग बोलली का नाहीस गं?’ ती म्हणाली, ‘तूच सांगितलंयस ना, मोजताना बोलायचं नाही.’ तिला मी रागावले नाही. तिला कुणी रागावू नये आणि तिला इथे बोलावू नये अशी माझी विनंती आहे.

पोरीच्या बोलण्यावर विसंबून मी आलेले नाही. शुक्रवारी सकाळी आवारातल्या शिपायाला विनवून मी गाडीच्या खिडकीतून आत पाहिलं. जोराचा हिसका बसलेल्या पट्ट्याचं विणकाम ताणून चकाकतं, कडा खरखरीत होतात. थोरलीचा पट्टा तसा झाला आहे. मधल्या खुर्चीचा पट्टा कोरा आहे, जसा शिवून आला तसा. टोकाला ओरखडा नाही. तो तुटला नाही, सुटलाही नाही. साहेबांनी स्वतः जाऊन बघावं, दहा पावलांवर आहे.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे, ती भावजयीने सांगितलेली नाही. रोज ती खाली आली की मधली खुर्ची दोन्ही हातांनी एकदा हलवून बघत असे. मंगळवारीही तिने मागचं दार उघडून हात आत घातला. मी तिथेच उभी होते. मी म्हणाले, ‘तीन झालेत. माझ्यावर भरवसा नसेल तर उद्यापासून तूच बसव.’ तिने हात मागे घेतला, दार लावलं आणि गाडी काढली. मुलांनी हात हलवले. मी टॅक्सीवाल्याकडे गेले.

काल संध्याकाळी मी भावजयीला विचारलं की तू असा जबाब का दिलास. ती मधलीच्या पलंगाशी बसून तिची नखं कापत होती. मान वर न करता म्हणाली, ‘माझ्यावर आलं तर मुलं तुमच्याकडे तरी राहतील. भिंतीपलीकडे. मी रोज बघू शकेन. तुमच्यावर आलं तर त्या बाई तुम्हाला मुलांच्या आसपास फिरकू देणार नाहीत, मग मी कामावर गेले की ह्यांना बघणार कोण? सगळा विचार केलाय मी.’ मी म्हणाले, ‘अगं, पण मुलांना बसवलं मी होतं ना.’ ती म्हणाली, ‘गप्प बसा, ताई.’ वन्सं म्हणाली असती तर मी भांडले असते. ती ताई म्हणाली आणि मला तिथे थांबवेना. मी खाली जाऊन इस्पितळाच्या फाटकापाशी तासभर येरझाऱ्या घातल्या. रात्री झोप लागली नाही.

तिचा हिशोब बरोबर आहे, हे मला कळतं. मी हे सांगितल्यावर बालकल्याणच्या बाई मला मुलांना हात लावू देणार नाहीत, हेही कळतं. सकाळची त्यांची वेणी, डबा, मोजे, सगळं बंद होईल. माझ्यावर गुन्हा दाखल होईल असं साहेबांनी मला समजावून सांगितलं आहे. ती तीन मुलं सोडली तर मला या जगात कुणी नाही, आणि मला त्याची भीती वाटते आहे. पण आई विसरली म्हणून आपलं हाड मोडलं असं मधलीला मोठेपणी कुणी सांगायला नको. तिची आई विसरली नव्हती, तिने हात पुढे केला होता. मुलं आईकडेच ठेवावीत. दुपारच्या वेळी बघायला समोरच्या पाळणाघरातल्या बाई तयार आहेत, मी त्यांना सकाळीच विचारून आले आहे.

साहेब म्हणाले, ‘बाई, आईने कबूल केलंय, पोर शुद्धीवर आलंय. तुम्ही कशाला मध्ये पडता?’ मी म्हणाले, मी पहिल्यापासून मध्येच आहे. व्हॅनवाल्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझ्यावर कुणीही दबाव आणलेला नाही. उलट गप्प राहा म्हणून आणला होता.

हा जबाब लिहून झाल्यावर साहेबांनी मला पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवला. मापं, वेळा आणि वयं बरोबर आहेत. मंगळवारच्या सकाळच्या मजकुरात ‘मधलीच्या खुर्चीचा पट्टा लागला नाही’ असं लिहिलं आहे. तसं सांगितलं मीच होतं, पण ऐकताना ते मला खटकलं. ते दुरुस्त करून ‘मी पट्टा लावला नाही’ असं लिहायला सांगितलं. साहेब म्हणाले, एका अक्षराचा तर फरक, अर्थ तोच, उगाच कागद खराब होईल. मी म्हणाले, अर्थ तोच नाही. मग त्यांनी ‘ग’ खोडून वर ‘व’ लिहिला, ‘पट्टा’च्या आधी ‘मी’ घातलं आणि त्या खाडाखोडीशेजारी माझी सही घेतली. आता जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.