चार बाय चारची गाडी

आमच्या दिंडोरीकडच्या मळ्यात राहत होते दोन भाऊ, थोरला मधुकर अन् धाकटा सुनील, अन् त्यांची आई मी. आदल्या साली मोठा ट्रॅक्टर चिखलात रुतला, औषध फवारायचं राहिलं अन् द्राक्षाचे घड रोगानं गेले. आता फवारणीचा पंप ओढायला मधुकरला जीप पाहिजे, सुनीलला छोटा ट्रॅक्टर. भांडत भांडत मलाही दुकानात नेलं.

विकणारा म्हणाला, "आजी, जीपच घ्या. फोर बाय फोर आहे, चिखलाला घाबरत नाही."

मी म्हणलं, "बाबा, आमची बाग नऊ बाय पाचची हाय, दोन ओळींत नऊ फूट अन् दोन वेलींत पाच. चार बाय चार घेऊन काय करू?"

पोरं खो खो हसली. मधुकर म्हणाला, "आई, ते चारी चाकांच्या जोराचं हाय, फुटांचं नाय!"

"आसंल. पण फुटं मोजली का कुणी?"

सुनीलनं जीपला टेप लावला. फांद्यांचा पसारा धरला तर जीप दोन्हीकडच्या वेलींना घासणार होती. विकणारा हळूच म्हणाला, "छोटा ट्रॅक्टरही फोर बाय फोर मिळतो."

तोच आणला. यंदा पावसात आजूबाजूचे ट्रॅक्टर रुतले, आमची फवारणी वेळेवर झाली अन् बाग घडांनी लगडली. मधुकर गावभर सांगतो, "गाडी मीच निवडली."