ओट्यासमोरची फरशी

तुम्ही हसाल, पण या वयात मी मोबाइलवर ठोकळ्यांची घरं बांधायचा खेळ खेळतो. माझी मुलगी अकोल्याला नोकरी करते. कॉलेजात असताना तिनं त्या खेळात आमचं अमरावतीचं घर हुबेहूब बांधलं होतं. तिची आई वारल्यावर मला एकट्याला करमावं म्हणून तिनं ते माझ्या हवाली केलं.

परवा खेळातल्या त्या घरात पाहतो तर बाकी सगळे दिवे लागलेले, स्वयंपाकघरातला तेवढा बंद. मी ओट्यामागची भिंत फोडली, तारा बदलल्या, दिवाही नवा बसवला. तरी उजेड नाहीच. त्या घरात तेवढीच खोली काळोखी, हे काही मला पाहवेना. शेवटी मुलीला फोन लावून सगळं सांगितलं.

"बाबा, भिंत काहून फोडली? सर्किट चांगलंच हाय."

"मग दिवा का लागत नाही?"

"ओट्यासमोर फरशी हाय ना, तिच्यावर कोणी उभं राहिलं तरच लागते. आईले चिडवाले केलं होतं मी. खऱ्या घरात सैपाकघरातला लाइट बंद कराले आई रोज भुले, अन् तुमी रोज चिल्लावत होते."

मी खेळातल्या माझ्या माणसाला ओट्यासमोर नेऊन उभं केलं. दिवा लागला.

"लागला?"

"लागला."

"आता तिथून हलले का बंद होईन बरं."

"नाही हलत," मी म्हणालो. "जायचंय कुठं?"