वांग्यांना मासळीचं खत

अरे, आमच्या वांग्यांचं सांगायचं राहिलंच. तारापूरला वीजघराचं बांधकाम चालू होतं, तिथल्या कामगारांना भाजी विकायची असं मी ठरवलं होतं. पहिली रोपं कोंबड्यांनी खाल्ली, दुसरी खाऱ्या पाण्याने जळली. मग जवळच्या दांडी गावाहून मासळी विकायला येणारी काशीमावशी म्हणाली, "वाफ्यात मासळीची डोकी पूर, चांगला खत व्हतो." मी ती बोटभरच खाली पुरली. सकाळी बघतो तर कुत्र्यांनी अख्खा वाफा उकरलेला, रोपं उपटून पडलेली.

आई म्हणाली, "आता तरी नाद सोड."

तेवढ्यात मावशी आली. "काय रं, वांगी लावलीस का कुत्रे?"

एरवी कोणी अशी चेष्टा केली की मी लाजून मानही वर करत नाही. त्या दिवशी मोठ्याने म्हणालो, "मावशी, कुत्र्यांनी गुडघाभर खणून दिलंय. आता खोल पुरतो. आणखी डोकी हायत का?"