भिजलं ते कुणाचं?

...नाही, मला एक सांगा, छत गळलं ते आमच्या दुकानाचं, शटर उघडल्याबरोबर चपला वाहून गेल्या त्या आमच्या ह्यांच्या, कुबट वास अजून जात नाही तो ह्यांच्या शर्टाचा, आणि तो विम्याचा माणूस, कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं, बूट भिजू नयेत म्हणून उंबऱ्यावर बगळ्यासारखा उभा, तो विचारतो काय, तर, "यात तुमचं काय?"

तुम्हाला सांगते, दुकानाच्या सव्वीस वर्षांत हा प्रश्न ह्यांना कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही! आणि मी काय कमी प्रश्न विचारते?

आमच्या ह्यांचं दुरुस्तीचं दुकान. दुकान म्हणजे काय, दोन माणसं आत उभी राहिली तर तिसऱ्यानं श्वास घ्यायला बाहेर जावं, एवढं. मिक्सर, इस्त्र्या, टेबलफॅन, भिंतीवरची घड्याळं, एखादा जुना रेडिओ, सगळं फळ्यांवर ओळीनं, आणि प्रत्येकाच्या गळ्यात सुतळीनं चिठ्ठी. चिठ्ठीवर हे नाव नाही लिहायचे, खूण लिहायचे. 'उंच काकू.' 'कुत्रावाले.' 'घाईचं आहे.' आता हे 'घाईचं आहे' जे आहेत ना, त्यांची इस्त्री चार वर्षं झाली फळीवर, न्यायला आले नाहीत, पण चिठ्ठी बदलायची नाही! मी म्हटलं, "अहो, फेकून तरी द्या." तर म्हणतात, "अगं, येतील. घाईत असतील."

आता विमा कुठून आला? माझ्या माहेराहून आला! माझा धाकटा भाऊ विम्याचं काम करतो. म्हणजे आधी तो पुष्कळ कामं करायचा, ती एकेक करून सुटली, तेव्हापासून विम्याचं करतो. एका रविवारी आला, कॉटवर बसला, बॅग उघडली आणि आवाज असा काढला की जणू घरात कुणी गेलंय. "भावजी, संकट काही विचारून येत नाही." हे म्हणाले, "तू तरी कुठे विचारून येतोस?" पण मेहुणा पडला. पहिला चहा झाला, दुसरा झाला, तिसऱ्याला ह्यांनी सही केली. त्या सहीच्या आधी स्वयंपाकघरात एक गोष्ट झाली होती, ती मी आत्ता नाही सांगत, आत्ता सांगितली तर तुम्ही मलाच धराल.

तर दुकानाच्या वर आहे केस कापायचं सलून. शनिवारी नळाला पाणी नव्हतं. त्या सलूनवाल्यानं नळ फिरवून बघितला, कोरडा, तसाच सोडला, कुलूप लावलं आणि गेला दोन दिवस बहिणीकडे. मग आलं पाणी. बोलावलं तेव्हा थेंब नाही, आणि न बोलावता दोन दिवस मुक्काम! सोमवारी ह्यांनी शटर वर ओढलं तर आतून आधी पाणी आलं, मग मिक्सरचं झाकण तरंगत आलं, जणू 'या, बसा' म्हणायला. आणि केस! पाण्याबरोबर वरचे सगळे केस खाली, काळे, पांढरे, रंगवलेले, पंख्यांच्या जाळीत केस, इस्त्र्यांना केस, घड्याळांच्या काट्यांना केस. छताचा गिलावा फळ्यांवर, फळ्या खाली. दुकानभर पाणी आणि ह्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं. मला फोन केला, म्हणाले, "जरा येतेस का?" एवढंच. मी गेले तर हे पायरीवर बसलेले, हातात चिठ्ठ्यांचा लगदा. अक्षर सगळं उतरलेलं. कुठली वस्तू कुणाची, काही कळेना. म्हणजे ह्यांना कळत होतं हो, पण बोलवत नव्हतं.

सलूनवाला? तो आला ना! पायरीवर येऊन हुंदके द्यायला लागला, "काका, माझ्या पण तिन्ही खुर्च्या गेल्या." ह्यांनी त्यालाच चहा पाजला. अशा माणसाकडून काय भरून घेणार तुम्ही?

मी म्हटलं, असू दे, विमा आहे ना! असल्या दिवसासाठीच असतो ना तो!

मग आला तो बगळा. फॉर्म काढला, पेन काढलं, एकेका वस्तूकडे पेन रोखून विचारायला लागला.

"हा मिक्सर?"

"उंच काकूंचा."

"तुमचा नाही. हा पंखा?"

"त्या, कुत्रा आहे बघा त्यांच्याकडे..."

"तुमचा नाही. ही घड्याळं?"

"एक शाळेचं, एक डॉक्टरांचं, आणि ते तिसरं..."

"काका," तो म्हणाला, आणि खरं सांगते, वाईट नव्हता हो माणूस, अगदी हळू आवाजात म्हणाला, "यात तुमचं काय?"

हे बघत राहिले. डावीकडची फळी बघितली, उजवीकडची बघितली, वर बघितलं, तर छताला गिलावासुद्धा नव्हता. सव्वीस वर्षं ज्या दुकानाला 'माझं' म्हणत होते, त्यात आपलं काय ते शोधत होता माणूस! दुकान भाड्याचं, वस्तू लोकांच्या. हत्यारं होती, पण ती पुसली की झालं. शेवटी म्हणाले, "स्टूल."

त्यानं लिहिलं, हो! 'स्टूल, एक, लाकडी.' मग हात लावून बघितलं आणि म्हणाला, "हे वाळेल."

मग त्यानं समजावून सांगितलं. म्हणे, लोकांनी दुरुस्तीला दिलेल्या वस्तूंसाठी फॉर्मात वेगळा रकाना असतो, त्याचा हप्ता थोडा जास्त पडतो, आणि तुमच्या फॉर्मात तिथे 'नको' अशी खूण आहे. मी पटकन खाली वाकून फळ्या आवरायला लागले. का ते सांगते, थांबा जरा.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. 'आपल्या मालकीच्या वस्तूंचे दखलपात्र नुकसान आढळून आले नाही, सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.' घ्या! माणूस निकालात निघाला आणि नुकसान आढळलं नाही!

आणि मग लोक. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, ते मी डोळ्यांनी पाहिलं. जो मिक्सर आणताना उंच काकू म्हणाल्या होत्या, "बघा बाई होतोय का, नाहीतर भंगारात घाला," तोच मिक्सर आता, "अहो, सासूबाईंची आठवण होती ती! डोसक्यात घुमायचा आवाज, पण मसाला काय वाटायचा!" आणि कोण आलं असेल सांगा? 'घाईचं आहे'! चार वर्षांनी! उन्हातून धापा टाकत! "माझी इस्त्री तुमच्याकडे होती, मला आजच हवीये!"

मी बोलणारच होते, जीभ अगदी वळवळत होती, पण हे म्हणाले, "करून देतो." प्रत्येकाला तेच. करून देतो. एक पैसा घेणार नाही, करून देतो.

मग तुम्हाला सांगते, घराचा दवाखाना झाला. गच्चीवर मोटारी वाळत घातलेल्या, खिडकीत घड्याळांची आतडी, जेवायच्या टेबलावर पंख्याची पाती, मी भाजी चिरायची कुठे, तर मांडीवर! आणि हे चिमट्यानं एकेक केस काढतायत. लोकांचे केस, लोकांच्या पंख्यातून. दोन महिने! डोळे लाल, बोटांच्या पेरांना चिरा, रोज एक वस्तू शर्टानं पुसून पोहोचवून यायची. एक दिवस माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अहो, विमेवाला बरोबर बोलला. यात तुमचं काय? का मरताय लोकांच्या वस्तूंपायी?" मान वर न करता म्हणाले, "विश्वासानं ठेवायला दिलं होतं ना माझ्याकडे." झालं. संपलं भांडण. भांडायलासुद्धा दोन माणसं लागतात, आणि हे त्यात यायलाच तयार नाहीत.

सगळं झालं, एक रेडिओ राहिला. वरच्या गल्लीतल्या निवृत्त बाई आहेत, शाळेत शिकवायच्या, त्यांच्या यजमानांचा रेडिओ. यजमान गेले त्याच वर्षी तो बंद पडला. त्याच्या आतल्या स्पीकरच्या कागदाचा पार लगदा झाला होता आणि तसला भाग आता कुठे मिळत नाही. चार बाजार पालथे घातले ह्यांनी. शेवटी बाईच आल्या. हे उभे राहिले, शाळेतल्या पोरासारखे हात मागे बांधून, आणि म्हणाले, "बाई, हा नाही झाला माझ्याकडून."

बाईंनी रेडिओ बघितला, रुमालानं त्याची काच पुसली. म्हणाल्या, "तो बोलायचा नाहीच आता, ठाऊक होतं मला. घरात नजरेसमोर नको आणि टाकवतही नाही, म्हणून आणून ठेवला तुमच्याकडे." मग दुकानभर नजर फिरवली, ओल्या भिंती, मोडक्या फळ्या, आणि म्हणाल्या, "ते राहू द्या. यात तुमचं काय काय गेलं?"

तेच शब्द हो! पण दोन महिन्यांत इतक्या लोकांमधून एका बाईनं ते असे विचारले. आमचे हे? स्क्रू ड्रायव्हर शोधायच्या निमित्तानं टेबलाखाली वाकले, आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या खिशात होता. मी बघत होते ना.

त्या दिवशी माझ्यानं राहवेना. घरी आल्यावर सांगून टाकलं. ती स्वयंपाकघरातली गोष्ट. भावानं मला विचारलं होतं, "ताई, एक रकाना जास्तीचा आहे, टाकू का? हप्ता वाढेल." आणि मी, मी म्हटलं होतं, "नको रे बाबा, सगळ्यात स्वस्तातला दे. ह्यांच्या हातून कधी कुणाची वस्तू बिघडलीये का?" हात दाखवून अवलक्षण! दोन महिने सगळ्या नातेवाइकांत माझा भाऊ बदनाम, त्यानं आमच्या घरची पायरी चढायचं सोडलं, आणि खूण माझी!

ह्यांनी चष्मा काढून शर्टानं पुसला. मग म्हणाले, "तुझी नाही."

"म्हणजे?"

"तो स्वयंपाकघरात तुझ्याकडे यायच्या आधी मीच त्याला बाहेर जिन्यात नेलं होतं. म्हटलं, तुझ्या ताईला बोलू नकोस, पण सगळ्यात स्वस्तातला दे."

घ्या! नवरा-बायकोचं एकमत व्हायला तीस वर्षं वाट बघितली, आणि झालं ते कुठे, तर त्या रकान्यात! आणि तो माझा भाऊ, वेडा, दोघांचंही माहीत असून चार लोकांत शिव्या खात बसला, पण ना ह्यांचं नाव घेतलं ना माझं. सगळी कामं सुटली म्हणून हसतो आम्ही त्याला. फोन केला. तो आला. दारातच उभा. शेवटी हे म्हणाले, "आत ये. आणि फॉर्म आणलास का?"

आणला होता! नवा विमा उतरवला. भावानं ओळ न् ओळ मोठ्यानं वाचली, तीन तीनदा. लोकांच्या वस्तूंच्या रकान्यात 'हवा' अशी खूण केली, ती आम्ही दोघांनी चष्मा लावून तपासली.

आता? आता काय सांगू. लोक येतात हो अजून, पण काउंटरला चिकटून उभे राहतात. "इथेच करा, माझ्यासमोर. ठेवून नाही जायची मी. तुमच्याकडे पाणी येतं ना?" करून घेतात, पिशवीत टाकतात, जातात. मोठं काम असलं तर सरळ दुसरीकडे नेतात. नव्या फळ्या बसवल्यात ह्यांनी, रंग दिलाय, सुतळीचं बंडल आणलंय. फळीवर एक वस्तू नाही.

परवा भाऊ आला होता. चहा पिता पिता मोठ्या समाधानानं म्हणाला, "भावजी, आता बिनघोर झोपा. पाणी येऊ दे नाहीतर छत पडू दे, लोकांची एकूणएक वस्तू विम्यात आहे."

हे म्हणाले, "हो ना रे. आता पाणी आलं तर त्याचंच वाईट. इतक्या लांबून येणार, आणि भिजवायला बिचाऱ्याला काही मिळायचं नाही."