उजव्या टाचेची झीज

बसा हो, बसा, बूट काही पळून जात नाही – पळता ते तुम्हीच, सकाळी सकाळी, आमच्या हिला घेऊन. नाही, चेष्टा केली. टपाल वाटण्यात जन्म गेला तुमचा, तुम्हाला काय चालण्याचं कौतुक? पण आमची ही – दोन वर्षं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं तिनं, गुडघा धरून बसली ती बसलीच. मी काय कमी केलं? मऊ तळाचे बूट शिवले तिच्यासाठी, पुढून रुंद, टाचेत स्पंज – फळीवर नवेच्या नवे राहिले. गोडीनं सांगितलं, रागावलो, अंथरुणाला खिळशील म्हणून घाबरवलंसुद्धा. ती आणखीच बसली.

मग दवाखान्यातली नर्सबाई आली घरी. पोरगी एवढीशी, पण डोकं केवढं! म्हणाली, बाबा, तुम्ही ‘चाल’ हा शब्दच काढायचा नाही आता. चहाचा कप खाली ठेवला की बूट पायात, रोज, त्याच वेळेला. पहिल्या दिवशी नुसतं फाटकापर्यंत. परत आलं की कॅलेंडरवर फुली, तिनं तिच्याच हातानं मारायची. आणि फाटकाशी कुणीतरी वाट बघत उभं पाहिजे, म्हणजे मग आळस करता येत नाही. कोण राहील उभं? – असं माझ्याकडे बघून विचारलं तिनं. आणि मी काय म्हणालो? मला दुकान उघडायचं असतं, म्हणालो. माझ्याच तोंडानं! ही लगेच म्हणाली, पोस्टमन जातात की रोज इथून फिरायला.

तर असं. आधी फाटक, मग टपालपेटी, मग थेट पुलापर्यंत. हसत येते घरी. काय बोलता हो एवढं? – नको, सांगू नका. ती म्हणते, काहीच बोलत नाहीत ते, नुसते बरोबर चालतात. हे तर आणखी वाईट! तुम्हाला ताप होता तेव्हा गेलो होतो की मी – पाय उचल, घासू नको, समोर बघ – चांगलंच सांगत होतो ना? तर टपालपेटीच्या आधीच वळली. तुमच्याबरोबर दमायला होतं, म्हणाली.

आता हा तुमचा बूट बघा. मला अक्षर वाचता येत नाही, पण तळ वाचता येतो. नोकरीत होतात, टपालाची पिशवी डाव्या खांद्याला असायची, तेव्हा डावी टाच झिजायची तुमची, सगळी वर्षं. आता उजवी झिजलीय, बाहेरच्या कडेनं. आणि तिची? तिची डावी. तुम्ही तिच्या बाजूला कलता, ती तुमच्या बाजूला कलते. अहो, उठू नका, ओरडतोय का मी? गुडघा तिचा डावाच दुखतो, आधार लागतो, कळतं मला. सगळं कळतं. रोज संध्याकाळी तिचे बूट पुसताना कळतं, आणि तरी – जाऊ दे.

दोरा संपलाय म्हणून आठ दिवस परत पाठवलं ना तुम्हाला? हे बघा रीळ. इथंच होतं, माझ्या मांडीखाली. तुमच्याकडे दुसरा जोड नाही, ठाऊक होतं मला. म्हटलं, आता उभा राहतो मी फाटकाशी. राहिलो की! पहिले चार दिवस बूट घालून पायरीवर बसली, रस्त्याकडे बघत. पाचव्या दिवशी बूट काढलेच नाहीत फळीवरून. कॅलेंडरवर आठ घरं कोरी. आणि काल मोरीपर्यंत गेली ती भिंत धरून, पोस्टमन – भिंत धरून. माझा हात धरला नाही, मी शेजारी होतो तरी.

म्हणून आज सगळ्यांत आधी तुमचाच बूट घेतला. टाके दुहेरी घातलेत. आणि उजव्या टाचेला बाहेरून चामड्याची एक जादा पट्टी लावलीय, बोट फिरवून बघा – कलला तरी लवकर झिजायची नाही. घाला. चालून बघा दोन पावलं. टोचत नाही ना?

उद्या चहा सहालाच होतो तिचा. रिळाचं तिला सांगू नका. नाही, काही बोलू नका, नुसते चालता तसे चाला आता. उठा. उजेडाच्या आड येताय माझ्या.